विश्लेषण : कर्करोगाच्या जनुकाला ‘गप्प’ करणारी औषधे – पहिल्या टप्प्यातील चाचणीकडून किती आशा ठेवावी?

‘कर्करोगाचे जनुकच बंद पाडणारे औषध, माणसांवर चाचणी सुरू’ अशा मथळ्याच्या बातम्या मोबाइलवर अधूनमधून येत असतात. निरोगी माणूस त्या वाचून पुढे सरकतो. घरात चौथ्या टप्प्यातील कर्करोगाचा रुग्ण असेल तर तीच बातमी नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरते, डॉक्टरांना दाखवली जाते आणि ‘हे आपल्याला मिळेल का,’ असा प्रश्न विचारला जातो. बातमी बहुतेकदा खोटी नसते. या औषधांमागील विज्ञान नोबेलविजेते आहे आणि चाचण्याही खऱ्या आहेत. पण ‘चाचणी सुरू’ आणि ‘औषध सापडले’ यांत मोठे अंतर असते. पहिल्या टप्प्यातील चाचणीला एका प्रश्नाचे उत्तर हवे असते, रुग्णाला दुसऱ्याच. हा फरक त्याला सही करण्यापूर्वी स्पष्ट सांगितला गेला नाही, तर त्या सहीला संमती म्हणता येईल का, हा या विषयातला खरा मुद्दा आहे.

जनुक ‘गप्प’ करायचे म्हणजे काय?

जमिनीचा मूळ दस्त नोंदणी कार्यालयात राहतो. बाहेर व्यवहार चालतो तो नकलेवर. पेशीतही असेच घडते. मूळ डीएनए पेशीच्या केंद्रकात राहतो. त्यातील एखाद्या जनुकाची नक्कल, म्हणजे संदेशवाहक आरएनए, केंद्रकाबाहेर येते आणि ती वाचून पेशी प्रथिन तयार करते. जनुक गप्प करणारे औषध मूळ दस्ताला हात लावत नाही. बाहेर आलेली नक्कल वाचली जाण्याआधीच ते निकामी करते. नक्कल गेली की प्रथिन बनत नाही आणि जनुक जागेवर असूनही त्याचा आवाज बंद होतो.

त्यामुळे हे ‘क्रिस्पर’सारखे जनुक कापून बदलण्याचे तंत्र नव्हे. मूळ दस्त शाबूत असल्याने नकला पुन्हा निघतच राहतात आणि औषधही पुन्हा पुन्हा द्यावे लागते. दुष्परिणाम दिसल्यास औषध थांबवता येते, ही त्यातील जमेची बाजू.

या औषधांचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात आरएनएच्या नकलेला नेमकी चिकटणारी एकेरी साखळी वापरतात. तिला ‘अँटिसेन्स’ म्हणतात. दुसऱ्यात सुमारे २१ अक्षरांचा दुहेरी आरएनएचा छोटा तुकडा पेशीत सोडतात. त्याचे नाव ‘एसआयआरएनए’. पेशीतील एक यंत्रणा या तुकड्याची एक बाजू नमुना म्हणून जवळ ठेवते, तिच्याशी जुळणारी नक्कल शोधते आणि कापते. एकदा नमुना हाती आला की ही यंत्रणा एकामागून एक अनेक नकला कापू शकते.

हा शोध लागला कसा?

सुरुवात एका फुलझाडापासून झाली. १९९० मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी पेट्युनियाच्या फुलांचा जांभळा रंग गडद व्हावा म्हणून रंगाच्या जनुकाची जादा प्रत झाडात घातली. रंग गडद होण्याऐवजी काही फुले चक्क पांढरी झाली. जनुक वाढवायला जावे आणि आहे तेही बंद पडावे, असा हा प्रकार होता. १९९८ मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी एका सूक्ष्म कृमीवर प्रयोग करून कोडे सोडवले. दुहेरी आरएनए पेशीत शिरला की त्याच्याशी जुळणारे जनुक गप्प होते, हे त्यांनी दाखवले. २००१ मध्ये जर्मनीतील थॉमस टुश्ल यांच्या गटाने छोट्या तुकड्यांच्या साह्याने हेच सस्तन प्राण्यांच्या पेशींत घडवून आणले. २००६ मध्ये फायर आणि मेलो यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. मूळ शोधानंतर अवघ्या आठ वर्षांत हा सन्मान मिळाल्याने औषधेही तितक्याच वेगाने येतील, असे अनेकांना वाटू लागले.

अँटिसेन्सची कल्पना तर त्याहून जुनी. ती पॉल झामेक्निक आणि मेरी स्टीफन्सन यांनी १९७८ मध्ये मांडली होती.

कर्करोगतज्ज्ञांना याचे आकर्षण का?

नेहमीची औषधे प्रथिनावर काम करतात. त्यासाठी प्रथिनाच्या पृष्ठभागावर औषधाचा रेणू बसेल अशी खाच लागते. कर्करोगाला चालना देणाऱ्या काही महत्त्वाच्या प्रथिनांवर अशी सोयीची खाच सापडतच नाही. ‘केरास’ हे त्याचे ठळक उदाहरण. मानवी गाठींत या जनुकातील बिघाड १९८२ मध्ये सापडला. स्वादुपिंडाच्या सुमारे ९० टक्के कर्करोगांत तो आढळतो. तरीही त्याच्या एका विशिष्ट बिघाडावरचे पहिले औषध, सोटोरासिब, फुप्फुसाच्या कर्करोगासाठी मंजूर व्हायला २०२१ साल उजाडले. ‘मिक’ या दुसऱ्या जनुकाचीही हीच कथा.

जनुक गप्प करणाऱ्या औषधाला खाच लागत नाही. जनुकाची अक्षरे माहीत असली की पुरे. ज्या जनुकाची अक्षरे वाचता येतात, त्याला गप्प करणारा तुकडा कागदावर तरी बनवता येतो. कर्करोगाला पोसणारी बहुतेक जनुके आता वाचून झाली आहेत. म्हणूनच हा मार्ग सरळ वाटला.

मग घोडे अडते कुठे?

औषध गाठीपर्यंत पोहोचवण्यात. उघडा आरएनए रक्तात सोडला तर विकरे त्याचे तुकडे करतात आणि उरलेला मूत्रपिंडे गाळून टाकतात. शरीराची प्रतिकारयंत्रणा अशा आरएनएला विषाणू समजून गजर वाजवू शकते. यातून वाचलेला तुकडा आकाराने मोठा आणि विद्युतभारित असल्याने पेशीच्या आवरणातून आपसूक आत जात नाही. आत गेलाच तर एका पिशवीत अडकतो. त्या पिशवीतून सुटून कामाच्या जागी पोहोचणारा वाटा फारच थोडा असतो.

यावर उपाय म्हणून आरएनए मेदाच्या किंवा बहुवारिकाच्या अतिसूक्ष्म कणांत गुंडाळतात, किंवा त्याला एखादी शर्करा जोडतात. पण हे कण रक्तातून फिरताना सर्वाधिक अडकतात ते यकृतात. त्या शर्करेला ओळखणारे ग्राहकही यकृताच्या पेशींवरच दाटीने असतात. परिणामी या तंत्राला पहिले यश मिळाले ते यकृतात. पॅटिसिरान हे पहिले एसआयआरएनए औषध अमेरिकेत ऑगस्ट २०१८ मध्ये मंजूर झाले. ते मज्जातंतूंच्या एका दुर्मीळ आनुवंशिक आजारासाठी आहे, पण काम करते यकृतात. कोलेस्टेरॉल कमी करणारे आणि सुरुवातीच्या मात्रांनंतर वर्षातून दोनदा टोचायचे इन्क्लिसिरानही तसेच. २०१८ ते २०२३ या काळात अमेरिकेत मंजूर झालेल्या अशा सहाही औषधांचे लक्ष्य यकृतात आहे आणि त्यांतील एकही कर्करोगासाठी नाही.

पसरलेला कर्करोग एका अवयवात बसून राहत नाही. तो फुप्फुसात, हाडांत, मेंदूत असतो. गाठीतील रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या असतात, आतला दाब जास्त असतो, आणि एकाच गाठीतील पेशीही एकसारख्या नसतात. यकृतातील आजारात निम्म्याहून अधिक प्रथिन कमी झाले तरी रुग्णाला फरक पडू शकतो. गाठीत मात्र औषध न पोहोचलेल्या मूठभर पेशी पुन्हा वाढायला पुरेशा असतात.

माणसांवरील चाचण्यांत आजवर काय दिसले?

एक महत्त्वाचा टप्पा २०१० मध्ये गाठला गेला. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील मार्क डेव्हिस यांच्या गटाने तयार केलेले ‘सीएएलएए-०१’ हे सूक्ष्मकणांत भरलेले औषध शिरेतून देण्यात आले होते. मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या तीन रुग्णांच्या गाठींचे नमुने तपासले असता औषधाचे कण पेशींच्या आत दिसले. जास्त मात्रा घेतलेल्यांत ते जास्त होते. एका रुग्णात तर नक्कल अपेक्षित जागीच कापली गेल्याचा पुरावा मिळाला. शिरेतून दिलेले औषध माणसाच्या गाठीत पोहोचून जनुक गप्प करू शकते, हे प्रथमच दिसले. मात्र हे औषध पुढे बाजारात आले नाही. २४ रुग्णांच्या त्या चाचणीत पाच जणांना दुष्परिणामांमुळे ती सोडावी लागली.

२०१३ मध्ये ‘एएलएन-व्हीएसपी’ या औषधाचे निष्कर्ष आले. गाठीला रक्तपुरवठा करणारे एक आणि पेशीविभाजनाचे एक, अशी दोन जनुके ते एकाच वेळी लक्ष्य करते. यकृतापर्यंत पसरलेल्या कर्करोगाच्या ४१ रुग्णांना ते देण्यात आले. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग असलेल्या एका महिलेच्या यकृतातील गाठी पूर्णपणे नाहीशा झाल्या. ही नोंद खरी आहे आणि उमेद वाढवणारी आहे. पण ती ४१ जणांतील एकीची आहे.

२०१४ मध्ये ‘एटीयू०२७’चे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हे औषध थेट कर्कपेशींऐवजी रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर काम करते. ३४ रुग्णांनी ते चांगले सोसले आणि ४१ टक्क्यांमध्ये आजार किमान काही आठवडे स्थिर राहिला. स्वादुपिंडाच्या गाठीत सुईने बसवायच्या, हळूहळू विरघळणाऱ्या एका सूक्ष्म रोपणाची इस्रायलमध्ये १५ रुग्णांवर चाचणी झाली. त्याचे लक्ष्य होते केरास. निष्कर्ष आशादायक होते, पण सोबत केमोथेरपीही सुरू असल्याने श्रेय कोणाचे, हे तेवढ्यावरून ठरवता येत नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या गटाने ग्लायोब्लास्टोमा हा मेंदूचा कर्करोग उलटलेल्या आठ रुग्णांवरील काम प्रसिद्ध केले. सोन्याच्या सूक्ष्म कणांवर बसवलेला आरएनए शिरेतून दिल्यावर मेंदूतील गाठीपर्यंत पोहोचल्याचे त्यात दिसले.

उलट बाजूही तितकीच ठळक आहे. मिक जनुकावरील ‘डीसीआर-मिक’ या औषधाचा विकास २०१६ मध्ये थांबवण्यात आला. सुरुवातीचे निष्कर्ष कंपनीच्या अपेक्षेला उतरले नव्हते. त्याच वर्षी ‘एमआरएक्स३४’ची चाचणी बंद पडली. गाठींमध्ये कमी झालेला एक नैसर्गिक छोटा आरएनए बाहेरून पुरवून अनेक जनुकांना एकदम आवर घालायचा, अशी ती कल्पना होती. ८५ रुग्णांच्या त्या चाचणीत तिघांच्या गाठी बऱ्यापैकी आकसल्या, तर प्रतिकारयंत्रणा बिथरल्याने चौघांचा मृत्यू झाला. त्याआधी ‘ओब्लिमर्सेन’ हे अँटिसेन्स औषध मेलानोमाच्या ७७१ रुग्णांवरील तिसऱ्या टप्प्यापर्यंत पोहोचले होते. पण आयुष्य वाढल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही आणि मंजुरीही मिळाली नाही.

पहिल्या टप्प्यात नेमके काय तपासतात?

यातील बहुतेक चाचण्या पहिल्या टप्प्यातील आहेत. या टप्प्याचा मुख्य प्रश्न ‘औषधाने कर्करोग बरा होतो का’ हा नसतो. ‘माणसाला हे औषध किती मात्रेपर्यंत सोसते’ हा असतो. निरोगी स्वयंसेवकांवर बहुतेक कर्करोग औषधांचा असा प्रयोग करता येत नाही. म्हणून ज्यांच्यावरचे प्रस्थापित उपचार संपले आहेत, अशा रुग्णांना विचारले जाते.

पद्धत साधारण अशी असते. तीन रुग्णांना अगदी कमी मात्रा देतात. कोणालाही गंभीर त्रास झाला नाही तर पुढच्या तिघांना जास्त मात्रा. एकाला त्रास झाला तर त्याच मात्रेवर आणखी तिघे. दोघांना झाला तर तिथेच थांबून मात्रा ठरवायची. एएलएन-व्हीएसपीच्या चाचणीत सुरुवात वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.१ मिलिग्रॅमने झाली आणि ती १.५ मिलिग्रॅमपर्यंत गेली, म्हणजे पंधरापट.

ग्यानबाची मेख इथेच आहे. सुरुवातीला नाव नोंदवणाऱ्या रुग्णाला धोका सर्वात कमी, पण त्याची मात्रा इतकी लहान की उपयोग होण्याची शक्यताही कमी. शेवटी येणाऱ्याला उपयोगाची शक्यता थोडी जास्त, पण मात्रा सोसण्याची हद्द कुठे आहे, ते त्याच्याच शरीरावर ठरणार. आपण कितव्या तुकडीत आहोत, हा प्रश्न म्हणूनच रुग्णाच्या हक्काचा आहे. तो क्वचितच विचारला जातो.

दुसरी बाब गाठीच्या नमुन्यांची. औषध आत पोहोचले का, हे पाहण्यासाठी उपचाराआधी आणि नंतर गाठीत सुई घालून तुकडा काढावा लागतो. तो बहुतेकदा संशोधनासाठी असतो. त्याच रुग्णाच्या पुढच्या उपचाराला त्याचा उपयोग होईलच असे नाही. २०१०चा तो ऐतिहासिक पुरावा अशाच तीन रुग्णांनी दिलेल्या नमुन्यांतून आला.

रुग्णाला फायदा होण्याची शक्यता किती?

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या कार्यक्रमात २००० ते २०१९ या काळात झालेल्या पहिल्या टप्प्यातील ४६५ चाचण्यांचा आढावा २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १३,८४७ रुग्ण होते. सुमारे १२ टक्के रुग्णांच्या गाठी लक्षणीय आकसल्या. सुरुवातीच्या वर्षांत हे प्रमाण ९.६ टक्के होते, शेवटच्या वर्षांत ते १८ टक्क्यांवर गेले. औषधामुळे झालेल्या मृत्यूंचे प्रमाण ०.७ टक्के होते.

हे आकडे सर्व प्रकारच्या नव्या औषधांचे आहेत, केवळ जनुक गप्प करणाऱ्यांचे नव्हेत. तरी त्यांतून दोन गोष्टी कळतात. ‘पहिला टप्पा म्हणजे प्राण्यांसारखा प्रयोग’ ही भीती अतिरेकी आहे. आणि ‘पहिला टप्पा म्हणजे शेवटचा रामबाण’ ही समजूतही चुकीची आहे. शिवाय गाठ आकसणे आणि आयुष्य वाढणे या वेगळ्या गोष्टी आहेत. ‘आजार स्थिर राहिला’ या शब्दांनीही फसायला होते. काही कर्करोग मुळातच संथ वाढतात. तुलनेसाठी दुसरा गट नसेल तर ती स्थिरता औषधाची की आजाराच्या स्वभावाची, हे सांगता येत नाही.

हे सगळे माहितीपत्रकात लिहिलेले असते, असे उत्तर मिळेल. पण कागदावर असणे आणि माणसाला समजणे यांत फरक आहे. संशोधनाला उपचार समजण्याची ही गफलत वैद्यकीय नीतिशास्त्रात चांगलीच परिचित आहे. ती अशिक्षितांपुरती मर्यादित नाही. समोर डॉक्टर, पांढरा कोट, रुग्णालयाची खाट आणि हाताला सलाइन असताना हे ‘उपचार नव्हेत’ असे मनाला पटणे कोणालाही कठीण जाते.

भारतातील नियम काय सांगतात?

भारतात २०१९ चे ‘नवी औषधे आणि क्लिनिकल चाचण्या नियम’ लागू आहेत. चाचणीला केंद्रीय औषध नियामकाची परवानगी आणि नोंदणीकृत नीतिसमितीची मान्यता लागते. ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ या सरकारी नोंदवहीत चाचणीची नोंद १५ जून २००९ पासून बंधनकारक आहे. ही नोंदवही इंटरनेटवर कोणालाही विनाशुल्क पाहता येते. माहिती रुग्णाला समजेल अशा साध्या भाषेत द्यावी लागते. नव्या रेणूच्या चाचणीत असुरक्षित गटातील रुग्णाची संमती घेताना त्या प्रक्रियेचे दृकश्राव्य चित्रण करावे लागते. भरलेल्या संमतिपत्राची प्रत रुग्णाला मिळायला हवी. चाचणीतून कधीही, कारण न देता बाहेर पडता येते आणि त्यामुळे नेहमीचे उपचार नाकारता येत नाहीत. चाचणीदरम्यान इजा झाल्यास मोफत उपचार आणि ती चाचणीमुळे झाल्याचे ठरल्यास भरपाई, अशी तरतूद आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की, संशोधनासाठी होणारा जादा खर्च रुग्णाच्या माथी मारू नये. म्हणजे ‘प्रायोगिक जनुक-औषध’ म्हणून कोणी लाखो रुपये मागत असेल, तर घर-जमीन विकायला काढण्याआधी नोंदवही उघडून पाहावी.

या नियमांतली एक गोष्ट मात्र खटकते. चाचणीमुळे मृत्यू झाल्यास भरपाईचे सूत्र ८ लाख रुपयांच्या मूळ रकमेवर आधारलेले आहे. तिला वयाच्या आणि आजाराच्या तीव्रतेच्या घटकांनी गुणले जाते. तीव्रतेचा घटक ०.५ ते ४ असा असतो. सहा महिन्यांहून अधिक जगण्याची अपेक्षा नसलेल्या रुग्णासाठी तो सर्वात कमी, म्हणजे ०.५ धरला जातो. हिशेबाच्या दृष्टीने त्यामागे तर्क असेल. पण ज्यांच्या सहभागावाचून कर्करोगाच्या औषधांचा पहिला टप्पा पारच होत नाही, त्यांच्याच उरलेल्या दिवसांचे मोल या सूत्रात सर्वात कमी ठरते. याचा फेरविचार व्हायला हवा.

प्रारंभिक चाचण्यांचे मोल महाराष्ट्राने जवळून पाहिले आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटर यांनी विकसित केलेली ‘नेक्सकार१९’ ही रक्ताच्या कर्करोगावरील पेशी-उपचारपद्धती ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झाली. ती जनुक गप्प करणारी नाही. रुग्णाच्याच प्रतिकारपेशींत जनुकीय बदल करणारी आहे. पण तिचीही सुरुवात २०२१ मध्ये नवी मुंबईत खारघरच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’ केंद्रात मोजक्या रुग्णांच्या प्रारंभिक चाचणीने झाली होती. त्या रुग्णांनी होकार दिला नसता तर पुढचे काहीच घडले नसते.

सही करण्याआधी काय विचारावे?

रुग्ण आणि नातेवाइकांनी काही प्रश्न लिहूनच न्यावेत. ही चाचणी कोणत्या टप्प्यातील आहे? हे औषध याआधी किती माणसांना दिले गेले? माझी मात्रा सुरुवातीच्यांपैकी आहे की वरच्या? माझ्यासारख्या आजारात कोणाला फायदा दिसला आहे का? संशोधनासाठी किती वेळा गाठीचा नमुना काढणार? आठवड्यातून किती दिवस रुग्णालयात यावे लागेल, प्रवासाचा खर्च कोण देणार? त्रास झाला तर रात्री-अपरात्री फोन कोणाला करायचा? मी नकार दिला तर माझ्यापुढे काय पर्याय उरतात?

शेवटचा प्रश्न सर्वात महत्त्वाचा. ‘काहीच नाही’ हे त्याचे उत्तर असू शकत नाही. वेदना, दम लागणे, झोप न येणे, मनाची घालमेल यांवर उपचार करणारी पॅलिएटिव्ह केअर प्रत्येक रुग्णाला मिळायला हवी. चाचणीत सहभागी होणाऱ्यालाही आणि नाही म्हणणाऱ्यालाही. औषधगृहात मॉर्फिन नाही आणि माहितीपत्रक मात्र गुळगुळीत कागदावर छापलेले, असे असेल तर तिथे रुग्णापुढे खरी निवड ठेवलेलीच नाही.

मग सहभागी व्हावे की नाही?

याचे उत्तर बाहेरून कोणी देऊ नये. उरलेल्या वेळातील काही आठवडे रुग्णालयाच्या फेऱ्यांत घालवायचे, की गावाकडच्या घरी अंगणात बसून काढायचे, हा निर्णय रुग्णाचा आहे. नातेवाइकांचाही नाही. ‘फायद्याची शक्यता थोडी आहे, पण माझ्यामुळे पुढच्याला उपयोग होईल,’ असे समजून-उमजून दिलेला होकार मोठ्या मनाचा असतो. तोच होकार ‘जनुक बंद झाले की बरे वाटेल’ या समजुतीवर दिला असेल, तर त्या माणसाला काहीतरी सांगायचे राहून गेले आहे. ते सांगण्याची जबाबदारी चाचणी घेणाऱ्यांची आहे. मथळे देणाऱ्या माध्यमांनाही ती टाळता येणार नाही.

एसआयआरएनएच्या तंत्राला पहिल्या मंजूर औषधापर्यंत पोहोचायला मूळ शोधानंतर २० वर्षे लागली, तीही यकृतासारख्या सोयीच्या अवयवात. कर्करोगाच्या गाठीपर्यंत ते कधी पोहोचेल, याची तारीख कोणी देऊ शकत नाही. पण नुसता आरएनए चालत नाही, तो गुंडाळावा लागतो. कोणते आवरण सोसते आणि कोणत्याने प्रतिकारयंत्रणा बिथरते, हे आज माहीत आहे. ते कळले त्यात मेलानोमाच्या त्या तिघांचा, यकृतात गाठी असलेल्या त्या ४१ जणांचा आणि एमआरएक्स३४च्या चाचणीत जीव गमावलेल्या चौघांचा वाटा आहे. पुढच्या वेळी ‘माणसांवर चाचणी सुरू’ असा मथळा दिसला, तर तो वाचताना या माणसांची आठवण ठेवायला हवी. त्यातून आशा कमी होणार नाही. फक्त ती किती धरायची, हे कळेल.